घाऊक विक्रीचं ऑनलाइन दुकान निवडताना

रत्नागिरीचा आमरस डबाबंद होऊन मिठाईवाल्यांकडे, आइस्क्रीमच्या कारखान्यांकडे जातो. हे ग्राहक 3.1 किलोचे डबे खोक्यांनी घेतात. अशा विक्रीसाठी ऑनलाइन दुकान उभारताना आपले कारखानदार आधी त्याचं रूप बघतात. मला वाटतं, पाहायला हवा तो हिशेब.

किरकोळ दुकानात एका मालाला एकच भाव पुरतो. घाऊक विक्रीत दहा खोक्यांना एक, शंभरला दुसरा आणि जुन्या ग्राहकाला तिसरा भाव असतो. प्रत्येकाला लॉगिन केल्यावर फक्त स्वतःचा भाव दिसला पाहिजे. मग कर. पंधरा अंक-अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, गुजरात 24. माल पुण्याच्या ग्राहकाकडे गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, अहमदाबादच्या ग्राहकाकडे गेला तर आयजीएसटी. बिलात हे आपोआप व्हायलाच हवं.

सगळ्यात नाजूक भाग उधारीचा. 2006च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागतात. प्रत्येक ग्राहकाची उधारीची मर्यादा आणि थकबाकीचे दिवस जे दुकान दाखवत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.

चाचणीला खोटा माल नको. गेल्या हंगामातल्या खऱ्या ऑर्डरी भरा. एक परत आलेलं खोकं आणि एक अर्धवट भरणाही त्यात असू द्या. आणि ग्राहकांची यादी, जुनी बिलं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पैसे भरण्याआधीच करून बघा.