लहान मुलांचे घोरणे
लहान मुलांचे घोरणे अनेकदा गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. वस्तुतः तो अरुंद श्वासमार्गातील कंपनांचा आवाज होय. सर्दीतील घोरणे तात्पुरते असते. नित्याच्या घोरण्याची मात्र तपासणी आवश्यक ठरते.

टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड यांची वाढ हे त्याचे प्रमुख कारण होय. साधारण २ ते ८ वर्षे वयात या ग्रंथी श्वासमार्गाच्या मानाने मोठ्या असतात. ॲलर्जी व स्थूलता ही अन्य कारणे आहेत.

श्वास वारंवार अडल्यास झोपमोड होते. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी चंचल व चिडखोर होऊ शकतात, अंथरूण ओले करतात, अभ्यासात मागे पडतात. वाढही मंदावू शकते. ग्रंथी काढल्यावर बहुतेकांना आराम पडतो.

२०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत दिवसा तपासणी करतात. म्हणून रात्रीचे घोरणे पालकांनीच सांगणे गरजेचे असते.