मॅकची हार्ड डिस्क विंडोजवर उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

अकलूज : संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण अकलूजला वर्षातून एकदाच होते. समजा, तुम्ही त्याचे शूटिंग केले, पुण्यातल्या एडिटरने ते मॅकवर एडिट केले आणि हार्ड डिस्क तुमच्या हाती आली. स्टुडिओतल्या विंडोज कॉम्प्युटरला ती जोडली, तर ड्राइव्ह दिसतच नाही. किंवा ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. डिस्क बिघडलेली नसते. मात्र घाईत ‘फॉरमॅट’ दाबले, तर सगळे शूटिंग हातचे जाऊ शकते. रिंगण पुन्हा पुढच्या आषाढीलाच!

नेमके काय होते?
डिस्कवर फाइल कुठे ठेवली आहे, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. विंडोजची नोंदवही एनटीएफएस. मॅकची पूर्वी एचएफएस प्लस होती, २०१७ पासून एपीएफएस आली. मॅक एनटीएफएस डिस्क निदान वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. विंडोजला मात्र मॅकच्या दोन्ही नोंदवह्या वाचता येत नाहीत. म्हणून भरलेली डिस्कही त्याला कोरी वाटते.

फाइल कशा मिळवाल?
• संदेश आला तर ‘कॅन्सल’ दाबा आणि डिस्क काढून घ्या.
• सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोणाचा तरी मॅक. त्यावर फाइल दुसऱ्या, एक्सफॅट डिस्कवर कॉपी करून घ्या.
• मॅक नसेल तर विंडोजवर सॉफ्टवेअर टाका. ‘एचएफएस एक्सप्लोरर’ मोफत आहे. ते फाइल फक्त वाचते, बदलत नाही. मात्र ते एपीएफएस डिस्कसाठी चालत नाही. त्यासाठी ‘मॅकड्राइव्ह’ किंवा पॅरागॉनचे ‘एपीएफएस फॉर विंडोज’ ही विकतची सॉफ्टवेअर आहेत.
• आयफोन १५ किंवा त्यापुढचा फोन असेल, तर डिस्क केबलने जोडून ‘फाइल्स’ ॲपमध्ये पाहा. मॅकचे दोन्ही फॉरमॅट तिथे उघडतात. फिरत्या हार्ड डिस्कला फोनची वीज पुरली नाही, तर वीजजोडणी असलेला यूएसबी हब लावा.
• डिस्कला पासवर्ड असेल, तर तो एडिटरकडून आधीच मागून घ्या.

पुढच्या वेळी काय कराल?
डिस्क देतानाच एडिटरला सांगा, ‘एक्सफॅट करून द्या.’ हा फॉरमॅट मॅक आणि विंडोज दोन्हींवर वाचता येतो, लिहिताही येतो. जुना फॅट३२ सुद्धा दोन्हीकडे चालतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही; लांब व्हिडिओ तिथेच अडतो.

फॉरमॅट बदलताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते. त्यामुळे आधी कॉपी, मग बदल. एक्सफॅट डिस्क ‘इजेक्ट’ न करता उपटू नका, फाइल खराब होण्याची भीती असते.

चुकून फॉरमॅट झालेच तर?
त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका, लगेच काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. जुन्या फाइलवर नवे लिहिले गेले, की त्या परत मिळत नाहीत. म्हणून मूळ शूटिंगची एक प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवा.