घराला काच कोणती लावावी?

आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या घरांचा आणि काचेचा संबंध तसा बेताचाच होता. जाड मातीच्या भिंती, वर धाबे किंवा कवेलू, खिडक्या लहान आणि त्यांना लाकडी झडपा. काच म्हणजे कंदिलाची. ती रोज संध्याकाळी राखेने पुसायची. कराडजवळ १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी होता. फार तर स्वयंपाकघरावर एखादे काचेचे कवेलू बसवलेले असायचे. चुलीपुढे उजेडाचा एक चौकोन पडे आणि बायकांना दिवसा दिवा लावावा लागत नसे. मला विचाराल तर घरात काच वापरण्याचा तो फार शहाणा प्रकार होता. हवा तेवढाच उजेड, हव्या त्या जागी.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्या काळात शहरात आणि तालुक्याच्या गावांतही स्लॅबची घरे वाढली आणि त्यांच्याबरोबर काचही वाढली. घराचा नकाशा घेऊन माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा सोबत पुण्या-मुंबईच्या इमारतीचे चित्र असते. समोरची अख्खी बाजू काचेची! मी पहिला प्रश्न विचारतो, “घराचे तोंड कुठे?” उत्तर “पश्चिमेला” असे आले की मला घाम फुटतो.

कारण साधे आहे. उन्हातली उष्णता काचेतून सहज आत येते. आतली फरशी, भिंती, गादी तापतात आणि त्याही उष्णता बाहेर टाकू लागतात. पण ही उष्णता वेगळ्या जातीची असते, काच तिला बाहेर जाऊ देत नाही. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत बसून पाहा, म्हणजे समजेल. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर असतो. त्यात पश्चिमेचे ऊन दुपारनंतर तिरपे येते, ते छज्जाने अडत नाही. दक्षिणेचे तसे नाही. वाशीम सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो आणि थंडीत खाली कललेला सूर्य हवासा वाटतो. मोठी काच लावायचीच असेल तर उत्तरेला लावा. पश्चिमेला लहान खिडकी ठेवा आणि तिच्यावर बाहेरून चटई, जाळी किंवा झाड असू द्या. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, त्याचा उपयोग थोडाच.

गडद रंगाची काच लावली की घर थंड राहते, असा एक समज आहे. ती डोळ्यांवरची चमक कमी करते हे खरे, पण बरीच उष्णता स्वतःच शोषून तापते आणि त्यातली काही आतच सोडते. शिवाय मधला भाग तापलेला आणि चौकटीत दडलेली कड थंड, अशा ताणाने ती कधीकधी आपोआप तडकते. आरशासारखी परावर्तक काच उष्णतेच्या दृष्टीने बरी. तिने दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही; रात्री मात्र घरात दिवा लागला की सगळे उलटे होते. पडदा हवाच. आणि बुलबुल स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत दिवसभर चोची मारत बसतो, ते वेगळेच.

उष्णतेपेक्षा महत्त्वाची गोष्ट सुरक्षेची. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. धावत आलेले मूल दाराच्या साध्या काचेवर आदळले तर काय होईल, हे सांगायला नको. दार, न्हाणीघराचा आडोसा, जमिनीपर्यंत आलेली खिडकी, अशा जागी टफन्ड काचच हवी. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने एकदम निववतात, की तिचे बळ चार-पाच पट वाढते आणि फुटलीच तर तिचा बारीक चुरा होतो. ही काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. तेव्हा दुकानदाराने तुमच्यासमोर हिरा फिरवून कापून दिली, तर ती टफन्ड नव्हे, मग तो काही का सांगेना. कोपऱ्यातली खूणही पाहून घ्यावी. आणि वजन लक्षात ठेवा : १२ मिलिमीटर जाडीचे सात बाय तीन फुटांचे दार सुमारे ५८ किलो भरते. बिजागऱ्या त्या मानाने घ्या.

जिन्याचा कठडा आणि छतातली काच यांसाठी लॅमिनेटेड काच वापरावी. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात, डोक्यावर पडत नाहीत. आत तारेची जाळी असलेली काच मजबूत असते असे अनेकांना वाटते. जाळी तुकडे धरून ठेवते, काचेचे बळ वाढवत नाही.

न्हाणीघराच्या खिडकीला घासलेली, दुधी काच लावतात. तिची खरबरीत बाजू बाहेर ठेवायची. ती ओली झाली की पारदर्शक होते, आणि गवंडी गडबडीत नेमकी उलटी बसवून जातो. गुळगुळीत बाजू आत असली की पुसायलाही सोपे पडते. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. ते जुने झाले की निघत नाहीत, म्हणून आंघोळीनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून टाकावे. डाग ताजे असतील तर लिंबाचा रसही चालतो.