रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी

संत तुकाराम नगरात आमच्या शेजारच्या घरी पावसाळ्याआधी माळा रिकामा करण्याचे काम निघाले. जुन्या वह्या, विजेची बिले, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सगळे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत होते. घरच्या चिरंजीवांना घाई होती. एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा आजींनी हातातून सोडला नाही. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येते, पण डबा मांडीवर घट्ट. आम्ही सहज डोकावलो. आत एक घडीच्या जागी फाटलेला, पिवळा पडलेला कागद होता. आजींचे सासरे महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली ते घरी आले, तेव्हा पलटणीने दिलेला तो डिस्चार्जचा कागद. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जात, उंची, अंगावरची खूण, सगळे टाईप केलेले.

आजींच्या नातीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. वाचकांना हा विषय नवा नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा, म्हणतात. गावच्या शाळेचे जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले. दोन महिने त्या मुलीचा बाप गावाला खेपा घालून थकला होता, आणि कागद माळ्यावर डब्यात होता. पुढे इतर पुराव्यांसोबत तो जोडला आणि काम झाले. अर्धा तास उशीर झाला असता तर तो किलोच्या भावाने गेला असता.

आम्ही पेशाने कारकून. आवक-जावक आणि शिक्के यांतच आयुष्य चालले आहे. त्यामुळे असा कागद हातात आला की आमचे डोके भलतीकडे धावते. त्या दिवशी ते युरोपातल्या ज्यू लोकांकडे धावले. कोणी म्हणेल, कुठे पिंपरी आणि कुठे पोलंड! पण बाबासाहेबांनी त्याच महायुद्धाच्या काळात केलेल्या लिखाणात नाझींच्या ज्यूद्वेषाची तुलना आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी केली होती. आणि आमच्या घरापासून जवळच असलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीने ज्या पेनिसिलिनने १९५५ पासून नाव कमावले, ते औषध माणसाच्या उपयोगी आणणाऱ्यांपैकी अर्न्स्ट चेन हा बर्लिनचा ज्यू होता. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३ ला, तो इंग्लंडला निघून गेला. १९४५ साली त्याला नोबेल मिळाले. आई आणि बहीण मागे राहिल्या होत्या, त्या नाझींच्या छळात गेल्या. चेन यांची कागदपत्रे आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

ज्यूंचा छळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गॅसच्या कोठड्या येतात. पण त्याची सुरुवात टेबलावर झाली, कागदाने झाली. एप्रिल १९३८ मध्ये हुकूम निघाला की पाच हजार मार्कांवर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने ती फॉर्मवर लिहून द्यावी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ज्यूंच्या पासपोर्टांवर मोठे लाल 'जे' अक्षर मारायला सुरुवात झाली. १ जानेवारी १९३९ पासून ज्याचे नाव ज्यू वाटत नाही त्या पुरुषाने आपल्या नावापुढे 'इस्राएल' आणि बाईने 'सारा' लावायचे, असा कायदा. नावावरून माणूस ओळखू आला पाहिजे, ही तऱ्हा आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. देश सोडायचा म्हटले तर मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याचा पलायन कर भरा, आणि जाताना खिशात दहा मार्क. हे सगळे कोणी केले? आमच्यासारख्याच माणसांनी. कोणीतरी रांगेतल्या माणसाचा पासपोर्ट घेतला, शिक्का शाईत बुडवला आणि 'पुढचा' म्हणून हाक मारली. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या स्वतःच्या टेबलावरच्या स्टॅम्पपॅडकडे बघवेना.

यातली काही माणसे आपल्या महाराष्ट्रातही आली. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, ते शतकानुशतके मराठी बोलत इथे राहिले. त्यांच्या धर्मासाठी त्यांना इथे कोणी हाकलले नाही. पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ हे ज्यूंचेच प्रार्थनास्थळ. १९३४ साली मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्यांना मदत करू लागली. त्याच साली वॉल्टर कॉफमन नावाचा तरुण संगीतकार मुंबईत उतरला. पुढे तो आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. सकाळी रेडिओ लावल्यावर पहिल्यांदा जी धून वाजायची, ती त्याची. आमच्या वडिलांचा दिवस त्या धुनेवर सुरू व्हायचा, आणि ती एका ज्यू निर्वासिताने बांधली हे त्यांना कधीच कळले नाही. कॉफमन १९४६ ला गेला, शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. त्याच्या हस्तलिखित रचना तिथल्या ग्रंथालयात राहिल्या. कॅनडातल्या वादकांच्या एका चमूने त्या बाहेर काढल्या आणि २०२० साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे माणूस जाऊन पस्तीसेक वर्षांनी त्याचे संगीत पुन्हा वाजले, कारण कोणीतरी कागद जपले होते.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तसे इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रू ठरवून अहमदनगरच्या छावणीत डांबले. त्यात हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यूही होते! ज्या पासपोर्टावर ते ज्यू म्हणून लाल अक्षर होते, त्याच पासपोर्टाने ते इथे जर्मन ठरले. चौकशी होऊन बहुतेक सुटले, पण काहींना नंतर पुरंदरच्या किल्ल्यावरही ठेवले गेले. आपण मुलांना सहलीला घेऊन जातो तोच पुरंदर.

आता एका घरचे कागद सांगतो. ॲन फ्रँकची डायरी मराठी वाचकाला माहीत आहे. तिचे वडील ऑटो फ्रँक यांचे कागद कमी लोकांना माहीत आहेत. १९४१ च्या एप्रिलपासून हा माणूस ॲमस्टरडॅमहून अमेरिकेतल्या आपल्या कॉलेजच्या काळातल्या मित्राला पत्रे लिहीत होता की बायकोमुलींना घेऊन तिकडे येण्याची काही सोय कर. त्यासाठी हमीपत्र हवे, बँकेत पैसे ठेवल्याचा दाखला हवा, नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र हवे. एक कागद जमला की नियम बदलायचा. जुलैमध्ये जर्मनीच्या ताब्यातल्या मुलखातली अमेरिकन व्हिसा कचेरीच बंद झाली. मग क्युबाचा व्हिसा धरला. १ डिसेंबर १९४१ ला तो मंजूर झाला आणि दहा दिवसांत जर्मनीने अमेरिकेशी युद्ध पुकारल्यावर रद्द झाला. पुढच्या जुलैत हे कुटुंब लपून बसले. ती पत्रव्यवहाराची फाइल कुठे होती? मदत संस्थेच्या जुन्या दप्तरांबरोबर न्यू जर्सीतल्या एका गोदामात. न्यूयॉर्कच्या यिवो संस्थेकडे ती दप्तरे होती. २००५ साली त्यांची सूची करणाऱ्या एका स्वयंसेवक बाईंच्या हाती ही फाइल लागली आणि २००७ मध्ये ती जगापुढे आली. साठेक वर्षे ॲनची डायरी कोट्यवधी लोक वाचत होते, आणि बापाने मुलीला वाचवण्यासाठी कुठली कुठली दारे ठोठावली याचा पुरावा गोदामात पडून होता. आम्हाला त्या बाईंचे फार कौतुक वाटते. सूची करणे हे जगातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आम्ही करतो म्हणून सांगतो.

वॉर्साच्या ज्यू वस्तीची गोष्ट याहून कठीण. तिथे इमॅन्युएल रिंगेलब्लूम हे इतिहासाचे अभ्यासक होते. नाझींनी भिंत बांधून चार लाखांवर माणसे आत कोंडली, तेव्हा त्यांनी गुपचूप साठ-एक लोकांचा गट जमवला आणि कागद गोळा करायला लावले. काय गोळा केले ते बघा. रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, उपाशी माणसाची रोजनिशी, जाहिराती, पत्रे. उद्या आपण कोणी राहणार नाही, तेव्हा आपली गोष्ट आपल्याला मारणाऱ्यांनी सांगू नये, एवढाच हिशोब. ऑगस्ट १९४२ मध्ये दहा पत्र्याच्या पेट्या आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन किटल्या त्यांनी जमिनीत पुरल्या. रिंगेलब्लूम १९४४ मध्ये बायकोमुलासह मारले गेले. गटातली तीन माणसे जगली. त्यांनी जागा दाखवली म्हणून १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. किटल्या १९५० मध्ये निघाल्या. पेट्यांत पाणी शिरले होते, कागद एकमेकांना चिकटले होते. किटल्यांतले चांगले राहिले. सगळी मिळून सुमारे पस्तीस हजार पाने. तिसरा साठा आजवर सापडलेला नाही.

आपल्याकडे बाबासाहेबांचे अप्रकाशित लिखाणही त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कितीतरी वर्षे पेट्यांत पडून होते. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने ते हाती घेतले म्हणून १९७९ पासून सरकारी खंड निघू लागले. पुण्याच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको.

फिल्मचे कागदापेक्षा अवघड असते. १९३८ च्या उन्हाळ्यात डेव्हिड कुर्ट्झ नावाचे गृहस्थ अमेरिकेहून युरोप बघायला गेले आणि पोलंडमधल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी थांबले. बरोबर हौसेचा कॅमेरा होता. गावातल्या मुलांनी गर्दी केली, कॅमेऱ्यापुढे उड्या मारल्या, बायका दारात आल्या. त्या गावचे चित्रण जेमतेम तीन मिनिटांचे. वर्षभरात युद्ध आले. गावातल्या सुमारे तीन हजार ज्यूंपैकी शंभरही वाचले नाहीत. फिल्म मात्र फ्लोरिडातल्या एका घरच्या कपाटात पडून राहिली. २००९ मध्ये नातू ग्लेन कुर्ट्झ यांना ती सापडली तेव्हा आक्रसून गेली होती, यंत्रावर चढवली असती तर तुटली असती. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने ती दुरुस्त करून सगळ्यांना बघता येईल अशी ठेवली. आणि एके दिवशी एका बाईने ती पाहताना एका तेरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यात आपले आजोबा ओळखले. ते म्हातारे गृहस्थ अमेरिकेत हयात होते! त्यांनी मग पडद्यावर बोट ठेवून एकेकाची नावे सांगितली. या तीन मिनिटांवर २०२१ साली एकोणसत्तर मिनिटांचा माहितीपट निघाला.

आपल्या घरोघरी अशा तीन मिनिटांच्या फिल्म नाहीत, पण व्हिडिओ कॅसेटी आहेत. नव्वदच्या आसपासची लग्ने, १४ एप्रिलच्या मिरवणुका, वस्तीतल्या विहाराची पायाभरणी. त्यातली निम्मी माणसे आज नाहीत. एका मंडळाच्या मिरवणुकीची कॅसेट आम्ही हौसेने जुन्या व्हीसीआरमध्ये घातली. आत बुरशी धरलेली होती. फीत गुंडाळली गेली आणि तुटली. दोष आमचा. आधी उजेडात धरून पाहायला हवी होती. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट चालवू नये, जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि लगेच दुसरीकडे उतरवावी. कोणाकडे खरोखरीची सेल्युलॉइडची रिळे असतील आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती फिल्म सडू लागली आहे. ती प्रोजेक्टरवर मुळीच लावू नये. फार जुनी नायट्रेट फिल्म तर पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या अशाच साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली किती तरी रिळे गेली. चित्रपट संग्रहालय ज्या गावात आहे, त्या गावात हे झाले. मग आपल्या माळ्याची काय कथा!

कागदाबाबतही आम्ही स्वतः मोठी चूक करून बसलो आहोत. बी.कॉम. ला होतो तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून आणला. उष्णतेने जांभळा शिक्का पसरला, पुढे प्लास्टिकला फुगे आले, आता ते काढावे तर कागद निघतो. दुकानदाराचा दोष नाही, हट्ट आमचा. तेव्हापासून सांगत फिरतो, लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. कचेरीतली टाचणी घरच्या कागदाला लावू नका, ती गंजते आणि भोक पाडते. घडी उघडून सपाट ठेवा. वर्तमानपत्राचे कात्रण वेगळे ठेवा, ते जवळच्या कागदालाही पिवळे करते. पेटी जमिनीला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. मोबाईलवर फोटो जरूर काढा आणि दोन ठिकाणी ठेवा, पण फोटो काढला म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नका. कचेरीत कोणी ऐन वेळी मोबाईलमधले चित्र मानत नाही.

आणि फोटोंच्या मागे नावे लिहा. पेनने नाही, पेन्सिलने, हलक्या हाताने. नाशेल्स्कच्या त्या गर्दीतल्या बहुतेक चेहऱ्यांना आजही नाव नाही.

गेल्या रविवारी आम्ही आजींच्या घरी हेच करायला बसलो होतो. नात पेन्सिल घेऊन, आजी चष्मा लावून. चाळीस-एक फोटो निघाले. गावच्या जयंतीचा १९६० च्या सुमाराचा एक फोटो आहे, पांढऱ्या लुगड्यातल्या सात बायका ओळीने उभ्या. सहांची नावे आजींनी भराभर सांगितली. उजवीकडून दुसरी, कडेवर मूल असलेली, तिच्यापाशी त्या थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ही आमच्या नणंदेला माहीत असेल, ती चाकणला असते, नव्वदीला टेकलीय. नातीने तो फोटो वेगळा काढून पाकिटात घातला. येत्या रविवारी आम्ही तिघे चाकणच्या बसने जाणार आहोत.