एकशे आठ जणांचा किल्ला

१९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आलेला कोनामीचा ‘सुइकोडेन २’ मार्च २०२५ मध्ये पहिल्या भागासोबत नव्या रूपात परत आलाय. ओपन वर्ल्डच्या जमान्यात हा पिक्सेलवाला गेम कशाला खेळायचा? स्टोरीसाठी!

हिरो आणि जोवी जिगरी दोस्त. स्वतःच्याच राज्याने दगा दिल्यावर दोघं पळतात. एकाच जादुई शक्तीचे दोन तुकडे त्यांना मिळतात. एकाला ढाल, दुसऱ्याला तलवार. पुढे दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहतात. युद्ध थांबावं असं दोघांनाही वाटतं, म्हणूनच कुणा एकाची बाजू घेणं जड जातं.

दुसरी मजा किल्ल्याची. पडेगावच्या पोरांना दौलताबादचा किल्ला शेजारचाच. तिथे आपण तट आणि खंदक बघतो. इथे मात्र किल्ला माणसांनी वाढतो. लोहार आला की भट्टी पेटते, आचारी आला की स्वयंपाकाच्या स्पर्धा रंगतात. असे १०८ जण जमवायचे. हा आकडा एका जुन्या चिनी कादंबरीतून घेतलाय. सगळे जमले तरच सर्वांत चांगला शेवट बघायला मिळतो. क्रूर लुका ब्लाइटशी लढताना तर सहा-सहा जणांच्या तीन टीम उतरवाव्या लागतात.

खटकतं काय? चार पावलांवर मारामारी, सामान सांभाळायची कटकट आणि भरपूर इंग्रजी वाचन. तरी आधी पहिला भाग संपवा. त्याचा सेव्ह दुसऱ्यात चालतो आणि जुना हिरो भेटायला येतो.

लेखक-दिग्दर्शक योशिताका मुरायामा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. हे पुनरागमन बघायला ते हवे होते.