ज्युराच्या चुनखडीवर ग्रॅनाइट कसा आला?

स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल शहराच्या वरच्या रानात 'पिएर-आ-बो' नावाची घराएवढी शिळा आहे. भोवतालचा ज्युरा डोंगर सगळा चुनखडीचा. शिळा मात्र ग्रॅनाइटची, आणि तो ग्रॅनाइट शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या माँ ब्लाँच्या परिसरातला. मध्ये सखल मुलूख आणि सरोवरं. असे दगड ज्युराच्या उतारांवर जागोजागी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिओपोल्ड फॉन बूखसारखे नामवंत भूवैज्ञानिक त्याचं श्रेय प्रचंड लोंढ्यांना देत. पण पाण्याबरोबर गडगडत आलेल्या दगडाचा गोटा होतो. यांतल्या कितीतरी शिळांच्या कडा तर तशाच धारदार होत्या.

उत्तर एका शिकाऱ्याकडे होतं. व्हाले प्रांतातल्या बान्य खोऱ्यात राहणाऱ्या ज्याँ-पिएर पेरोदँ यांनी आजच्या हिमनदीपासून कितीतरी खाली, कातळांवर लांबच लांब ओरखडे पाहिले होते. हिमनदीच्या काठचे कातळ असेच ओरखडलेले असतात, हे त्यांच्या रोजच्या वाटेवरचं ज्ञान. १८१५मध्ये त्यांच्या घरी मुक्कामाला आलेल्या ज्याँ द शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला त्यांनी सांगितलं, की एके काळी हे सगळं खोरं बर्फाने भरलेलं होतं. शार्पांतिए यांनी ते मनावर घेतलं नाही. अभियंता इग्नात्स व्हेनेत्झ यांनी मात्र घेतलं. १८१८च्या जूनमध्ये जिएत्रो हिमनदीच्या कोसळलेल्या बर्फाने अडवलेलं पाणी फुटून चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्याआधी बर्फातून बोगदा खणून त्या तळ्याचं बरंचसं पाणी काढून देणारे हेच व्हेनेत्झ. पुढे त्यांनी शार्पांतिए यांना पटवलं, शार्पांतिए यांनी निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासींना. १८३७मध्ये नॉशातेलच्या सभेत अगासींनी हिमयुगाची कल्पना मांडली आणि नाव त्यांचं झालं. त्यांचं काम मोठंच आहे. तरी ही गोष्ट पेरोदँपासून सांगितली नाही तर ती अन्यायाची होते, असं मला वाटतं.

नुसता बर्फ कातळ कापत नाही. हिमनदीच्या तळाशी वितळलेलं पाणी भेगांत शिरून गोठतं, खडकाचे तुकडे सुटतात, बर्फात रुततात आणि पुढच्या कातळाला कानशीसारखे घासत जातात. माथ्याजवळ यातून हिमगव्हरं कोरली जातात. चहूबाजूंनी ती एकमेकांकडे सरकली की मध्ये मॅटरहॉर्नसारखं गिरिशृंग उरतं. ऱ्होनच्या खोऱ्यात बर्फाची जाडी दीड हजार मीटरहून अधिक होती. मुख्य हिमनदीने आपला तळ खूप खोल नेला, लहान उपनद्यांना तेवढं जमलं नाही. म्हणून त्यांच्या दऱ्या आज वर लोंबत राहिल्या आहेत आणि त्यांच्या तोंडातून पिसवाशसारखे शंभर मीटरहून उंच धबधबे कोसळतात.

डोंगरातून बाहेर पडल्यावर बर्फाला मोकळं मैदान मिळालं. मऊ वालुकाश्म उकरला गेला. जिनिव्हा सरोवराचं ३१० मीटर खोल पात्र मुख्यतः त्या उकरण्याचं फळ. ज्युराच्या भिंतीला अडून ऱ्होन हिमनदी दुभंगली: एक फाटा नैऋत्येला आजच्या फ्रान्सकडे, दुसरा ईशान्येला आर नदीच्या दिशेने. बर्फ मागे हटला तेव्हा त्याने डोंगरातून वाहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा, हिमोढांच्या टेकड्या, चिकणमाती आणि वाळू-खडीचे जाड थर मागे राहिले. आज स्विस पठारावरच्या इमारतींच्या काँक्रीटला हीच खडी लागते, विहिरींना पाणी याच थरांतून मिळतं. मैदानातली माणसं डोंगराच्या चुऱ्यावर वसली आहेत, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

त्या आगंतुक शिळांवर मात्र पाथरवटांचा डोळा होता. चिऱ्यांसाठी, पायऱ्यांसाठी कित्येक शिळा फुटल्या. १८६७मध्ये आल्फाँस फाव्र आणि बर्नहार्ड श्टुडर या भूवैज्ञानिकांनी त्या वाचवण्याचं जाहीर आवाहन केलं. माँते गावची 'पिएर दे मार्मेत' ही अवाढव्य शिळा, जिच्या माथ्यावर एक छोटं घरही आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुटण्याच्या बेतात होती. ती विकत घेऊनच वाचवावी लागली. हे किती मोलाचं होतं ते त्या पिढीला पुरतं कळणं शक्य नव्हतं. उघड्या पडलेल्या दगडावर अंतराळातून येणारे विश्वकिरण आदळतात आणि त्याच्या वरच्या थरात बेरिलियम-१० साचत जातं. ते मोजलं की बर्फाने शिळेला केव्हा सोडलं ते कळतं. आरच्या खोऱ्यात हिमनदीने आपल्या शेवटच्या हद्दीवरून सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी माघार घेतली, हे अशाच शिळांवरून ठरलं. त्यासाठी लागतो तो शिळेचा मूळ, न घडवलेला पृष्ठभाग. पाथरवटाची छिन्नी सगळ्यात आधी नेमका तोच काढून टाकते.