कौल लावणे

कौल लावणे ही कोकण व गोव्यातील अनेक मंदिरांत रूढ असलेली, देवतेची अनुमती घेण्याची प्रथा आहे. गोव्यात तिला कौलप्रसाद असेही म्हणतात. देवतेच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या, कळ्या अथवा तांदळाचे दाणे चिकटवतात. गुरव किंवा पुजारी भाविकाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. सामान्यतः उजवा कौल होकार, तर डावा कौल नकार मानला जातो. मात्र संकेत देवस्थानानुसार बदलतात.

विवाह, घरबांधणी, नवा व्यवसाय, आजारपण अशा प्रसंगी कौल लावला जातो. त्यासाठी मनातील मोघम काळजी एका नेमक्या प्रश्नात मांडावी लागते आणि ती इतरांसमोर उच्चारली जाते. यामुळे मनावरचा ताण हलका होऊ शकतो. उत्तर मिळताच वाटणारे समाधान किंवा हुरहुर यांतून भाविकाला स्वतःचा खरा कलही उमगू शकतो. पाकळी केव्हा गळून पडेल, हे ओलावा, तिचे वजन आणि पृष्ठभागाचा उतार यांवर अवलंबून असते. त्यावरून भविष्य कळत नाही. त्यामुळे आजारपणात कौलाची वाट पाहत उपचार लांबवणे धोक्याचे ठरते.

निवडणुकीच्या संदर्भात वापरला जाणारा ‘जनतेचा कौल’ हा शब्दप्रयोगही निर्णय या अर्थानेच रूढ आहे.